बॅकअपसाठी स्थळ पाहणे

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी सव्वासहा.
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, त्यामुळे मोठेपणा सांगायची गरज नाही. नोंदीपुरतं लिहितो: मी पांडुरंग, वसई-विरारच्या बागायतदार समाज मंडळाचा मानद चिटणीस आणि वधूवर कक्षाचा प्रमुख. अकरा वर्षांत २१२ लग्नं जुळवली. हा मोठेपणा नाही, आकडा आहे.

निश्चय: (१) ४ जानेवारीचा वधूवर मेळावा असा करायचा की लोकांनी नाव काढावं. (२) याच मेळाव्यात प्रीतमचं जमवायचं. (३) चहात साखर बंद.

प्रीतम आमचा एकुलता एक. वय चौतीस. २१२ लग्नं जुळवणाऱ्याच्या घरात एक राहिलंय, हे लोक तोंडावर बोलत नाहीत, पण हळदीला गेलं की माझ्याकडे बघून विषय बदलतात. हे मला फार लागतं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिलं.

या खेपेला मुलगी हेरून ठेवली आहे. नोंदणी क्रमांक ८७४. एम.एस्सी., पाच फूट तीन, आवड बागकाम, स्वभाव शांत. नाव आणि फोन मुद्दामच टिपून घेतला नाही. कक्षप्रमुखाने यादीतून स्वतःच्या घरासाठी माहिती काढणं नियमात बसत नाही. नियम मीच केलेला आहे. मेळाव्यात सर्वांसमक्ष क्रमांक पुकारायचा, की काम झालं. प्रीतमला अजून सांगितलेलं नाही. आनंदाची बातमी अचानक कळावी.

चहात साखर घेतली. घरात फराळ शिल्लक असताना असले निश्चय सुरू करू नयेत.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
माणिकपूरच्या ऑफिसात कार्यकारिणीची सभा. अध्यक्षा सत्यवतीताईंनी विचारलं, पावसाळ्यात छत गळून सर्व्हर भिजला असता तर? मी म्हटलं, मी वर ताडपत्री टाकली होती. त्या म्हणाल्या, ताडपत्री म्हणजे बॅकअप नव्हे.

सर्व्हर म्हणजे आमच्या ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर. समाजातल्या ११४० मुलामुलींची जन्मतारखेपासून अपेक्षांपर्यंतची सगळी माहिती त्याच्या पोटात. त्या माहितीची रोज आपोआप नक्कल काढणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. मी आधी विरोध केला. मग लक्षात आलं, ही कल्पना माझ्याच मनात होती, बोलायची तेवढी राहिली होती. इतिवृत्तात तसं लिहून टाकलं.

ॲल्रॉयने (रिक्षा स्टँडसमोरचं कॉम्प्युटरचं दुकान) अर्ध्या तासात बसवून देतो म्हणून सांगितलं. नको म्हटलं. मुलींची माहिती आहे, परक्या माणसाला आत घ्यायचं नाही. घरी प्रीतमही म्हणाला, रविवारी मी येतो. त्यालाही नको म्हटलं. तो स्वतः उमेदवार आहे. उमेदवाराला यादीजवळ जाऊ दिलं तर उद्या सत्यवतीताई काय म्हणतील?

मीच बसवणार. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर मीच बसवला होता. एका बाजूला छापतो, पण छापतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार.
इन्स्टॉलेशनला बसलो. तीन वेळा नेक्स्ट दाबलं, सुरळीत. चौथ्या पानावर प्रश्न: डेटाबेस इन्स्टन्स निवडा. नवीन टाकायचा की आहे त्यातला घ्यायचा? आहे त्यात दोन नावं. आमच्या ऑफिसात थेरेसा म्हणून क्लार्क आहे, दहा वर्षं टायपिंग बघते. ती म्हणाली, काका, फोन करून विचारा ना कोणाला. मी म्हटलं, जेवायची वेळ झाली.

जेवण झाल्यावर सहज पाय मोकळे करायला बाहेर पडलो तो ॲल्रॉयच्या दुकानासमोर आलो. आलोच आहे तर विचारलं. तो म्हणाला, "अंकल, इन्स्टन्स म्हणजे एक घर समजा. डेटाबेस त्या घरात राहतात. तुमच्या बॅकअपवाल्याला स्वतःची वही ठेवायला एक घर पाहिजे, बस."

म्हणजे काय, तर स्थळ पाहायचं आहे. हे आधीच का नाही सांगितलं? अकरा वर्षं मी दुसरं काय करतोय? ॲल्रॉय पुढे काहीतरी सांगत होता, पण माझं काम झालं होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.
तिन्ही स्थळांची रीतसर टिपणं काढली.

पहिलं, नवीन इन्स्टन्स. घर कालचं, मागेपुढे कोणी नाही, चौकशी करायची तर कोणाकडे? अशा घरात आपण मुलगी देत नाही. रद्द.

दुसरं, हॉल बुकिंगचा इन्स्टन्स. घर जुनं, पण सतत माणसांचा राबता. केटरर येतात, मंडपवाले येतात, भांडणं होतात. थेरेसा म्हणते दिवसातून दोनदा बंद पडतो. तब्येत नाजूक. रद्द.

तिसरं, वधूवर यादीचा इन्स्टन्स. घर डोळ्यांखालचं. अकरा वर्षांत तक्रार नाही. ११४० माणसं गुण्यागोविंदाने नांदतायत. आणखी एक आली तर काय जड आहे?

रात्री जेवताना प्रीतमला निर्णय सांगितला. मत विचारलं नव्हतं. तो भाताचा घास खाली ठेवून म्हणाला, "बाबा, नवीन घ्या. ज्याची नक्कल ठेवायची त्याच्याच घरात वही ठेवत नाहीत."

चौतीस वर्षांत एक घर धड बघून झालं नाही, तो मला घर निवडायला शिकवतो. ऐकलंच नाही असं केलं. बायकोने, म्हणजे नर्मदेने, तोंडल्याची भाजी वाढण्याच्या निमित्ताने माझ्याकडे बघितलं, तेही मी बघितलं नाही असं केलं.

२ नोव्हेंबर, रविवार.
तुळशीचं लग्न. याहून चांगला मुहूर्त नाही. ऑफिसला सुट्टी, थेरेसा चर्चला, सगळं शांत. सर्व्हर पुसला. हळदकुंकू वाहिलं, थोडंसं, बटणापासून लांब.

तिसरं स्थळ निवडलं. पुढे डेटाबेसचं नाव विचारलं. तिथे आधीपासून इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव लिहिलेलं होतं, बॅकअपच्या वहीचं माहेरचं. क्षणभर विचारात पडलो. मग साधा हिशेब: लग्न होऊन घरात आली की नाव सासरचं लागतं. आपल्याकडे तरी अजून लागतं. तिचं नाव खोडलं आणि घराचं नाव टाइप केलं: VADHUVAR.

त्यावर एक लाल चौकट आली. आत इंग्रजीत पाचसहा ओळी, खाली होय आणि नाही. वाचायला घेतल्या, पण लग्नात भटजी काय म्हणतात ते कोण समजून घेतं? होय म्हणायचं असतं. दाबलं.

अकरा वाजून चार मिनिटांनी पूर्ण. एक हिरवी टिक आली. खिशातल्या चार अक्षता टाकल्या. एक कीबोर्डमध्ये गेली, आता एस दाबला की कुरकुरतो.

संध्याकाळी तुळशीच्या लग्नाला मन प्रसन्न होतं. पुढच्या वर्षी याच अंगणात सूनबाई असेल. ८७४.

३ नोव्हेंबर, सोमवार.
मोबाइलवर मेल: बॅकअप यशस्वी. हिरवी टिक. लागलेला वेळ: दोन सेकंद. ॲल्रॉय म्हणाला होता पहिल्यांदा तासभर लागेल. जे काम इतरांना तासभर लागतं ते माझ्या निवडीमुळे दोन सेकंदांत. मंडळाच्या ग्रुपवर टिकचा फोटो टाकला. एकोणीस अंगठे आले. सत्यवतीताईंचा आला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
थेरेसा म्हणाली वधूवरचा प्रोग्राम उघडत नाही, एरर येतो. मी तिला बसवून समजावलं. घरात नवी सून आली की पहिले दिवस सगळ्यांचंच बिनसतं. भांडी कुठे ठेवायची इथपासून सुरुवात. अशा वेळी तिसऱ्याने मध्ये पडू नये. सव्वा महिना त्या प्रोग्रामला हात लावायचा नाही, नवीन फॉर्म आले तर कागदावर घे.

थेरेसाने विचारलं, काका, कॉम्प्युटरला सव्वा महिना असतो? मी म्हटलं, तुमच्यात नसेल. ती छातीवर क्रॉस करून जागेवर जाऊन बसली. कॅलेंडरवर १० डिसेंबरला गोल केला.

बॅकअप यशस्वी. दोन सेकंद.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
यशस्वी. रोज सकाळी उठल्याबरोबर आधी टिक बघतो, मग देव. आज नर्मदेने विचारलं, प्रीतमला विचारलंत का, त्याला मेळाव्याला यायचंय का? म्हटलं, योग्य वेळी विचारीन. ती म्हणाली, सहा वर्षं योग्य वेळच आलेली नाही. बायकांना नियोजन कळत नाही.

प्रीतम रविवारी सकाळी स्कूटर घेऊन अर्नाळ्याला जातो, दुपारी बोंबील घेऊन येतो. घरची ओढ आहे, मासळी बघून आणतो. चांगला नवरा होणार. हे गुण फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसवायचे याचा विचार करतोय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
यशस्वी. सलग तेवीस. साखर बंद करायचा निश्चय आजपासून पुन्हा. दुपारी समाजातल्या एका साखरपुड्यात पेढा दिला, त्याला नाही म्हणणं अपशकुन.

भाषणाचा मसुदा केला. "मित्रहो, ज्याच्याकडे बॅकअप नाही त्याच्याकडे भविष्य नाही." टाळ्यांसाठी जागा सोडली आहे.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी.
सव्वा महिना पूर्ण. आज यादी काढायची. नवा सदरा घातला.

१० डिसेंबर, बुधवार. दुपारी दोन.
यादी नाही.

१० डिसेंबर, बुधवार. दुपारी साडेतीन.
ॲल्रॉयला बोलावलं. परका माणूस, पण प्रसंग तसा होता. त्याने पाच मिनिटं बघितलं, खुर्ची मागे सारली आणि विचारलं की इन्स्टॉल करताना डेटाबेसचं नाव काय दिलं होतं. सांगितलं. सासरचं नाव का दिलं तेही सांगितलं. त्याने एकदा सर्व्हरकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, त्या नावाचा डेटाबेस तिथे आधीच होता. लाल चौकट तेच विचारत होती, की जुना पुसून त्या जागी नवा करू का? तुम्ही होय म्हणालात.

पण टिका? सलग अडतीस दिवस टिका आल्या आहेत. तो म्हणाला, "अंकल, अडतीस दिवस तो रिकाम्या घराला कुलूप लावत होता."

थेरेसा रडायला लागली. मला वाटलं होतं मी लागेन, पण मला घाम आला. ११४० मुलंमुली. ८७४.

११ डिसेंबर, गुरुवार.
कागदी फॉर्म नाहीत. गेल्या वर्षी आपण पेपरलेस झालो तेव्हा मुलींचे फोटो रद्दीवाल्याच्या हाती जाऊ नयेत म्हणून सगळे गठ्ठे मीच होळीत घातले होते. तेव्हा सत्यवतीताई सोडून सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

निश्चय: कोणालाही सांगायचं नाही. स्मरणशक्तीने यादी पुन्हा तयार करायची. माझी स्मरणशक्ती प्रसिद्ध आहे.

रात्रीपर्यंत सतरा आठवले. त्यातले चार माझ्या मेव्हण्याचे.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
प्रीतमला सांगावं लागलं. उमेदवार असला तरी. तो रजा टाकून दिवसभर सर्व्हरपाशी बसला. संध्याकाळी म्हणाला, जुनं काही उरलेलं नाही, रोज त्याच जागेवर लिहिलं गेलंय. मग विचारलं, नाव नेमकं का बदललंत? सासरचं नाव वगैरे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि उठून बाहेर गेला.

घरी आल्यावर बघतो तर केळीच्या वाडीत बांधावर एकटाच बसलेला, डोकं गुडघ्यात, खांदे हलतायत. पोरगं खचलं. त्याचंही भविष्य त्या यादीत होतं. मीही गहिवरलो. नर्मदा त्याच्याजवळ गेली, थोड्या वेळाने तिचेही खांदे हलायला लागले. आमचं कुटुंब हळवं आहे.

१४ डिसेंबर, रविवार.
सत्यवतीताईंना पत्र लिहिलं: वाढत्या थंडीचा विचार करता मेळावा मे महिन्यात घ्यावा. बाहेर एकतीस डिग्री. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, यादी गेली ना? कोणी सांगितलं असेल? थेरेसाला विचारलं तर म्हणते, काका, तुम्हीच ग्रुपवर रोज टाकत होता, बॅकअपचा साइज शून्य, त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं. मी सांगितलं तुम्ही हात लावायला बंदी केलीय.

टिकेच्या खाली बारीक अक्षरात साइज असतो, हे टिकेने सांगायला हवं होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार.
तातडीची सभा. मी प्रास्ताविकात म्हटलं की यंत्रावर किती विसंबावं याचा एक प्रयोग मंडळाने यशस्वी केला आहे. पुढे बोलू दिलं नाही. ठरलं ते असं: प्रत्येक सभासदाने आपापल्या आळीत, आपापल्या फोनमधल्या नंबरांवर फोन करायचे आणि नवी नोंदणी करायची. मला अर्नाळा ते आगाशी दिलं. नवीन यादी ॲल्रॉय आणि प्रीतम सांभाळणार. उमेदवाराने यादीजवळ यायचं नाही हा नियम मी पुढे केला, तर सत्यवतीताई म्हणाल्या, नियम यादीबरोबर गेला.

पण मी खचलेला नाही. फोन करता करता ८७४ सापडणारच.

२० डिसेंबर, शनिवार.
चार दिवसांत १४६ फोन. काहीतरी चुकतंय. ज्याला फोन करावा त्याचं लग्न झालेलं. एकाला जुळी. एकाने मला ओळखलं नाही. एकीची आई म्हणाली, अहो, दोन वर्षं झाली, आम्ही तुमच्या ऑफिसात कळवलं होतं, यादीत नाव तसंच राहिलं. थेरेसा म्हणते अशी पत्रं यायची, तुम्ही म्हणायचा नावं काढू नको, संख्या कमी दिसते.

संख्या महत्त्वाचीच असते. तरीपण.

२३ डिसेंबर, मंगळवार.
सापडली. ८७४ सापडली. फोन करता करता तिचा मामा लागला, नाव त्यानेच घातलं होतं; कशासाठी ते न सांगता त्याच्याकडून नंबर घेतला. नाव रिद्धी. एम.एस्सी., बागकाम, सगळं जुळलं. फोन लावला. मागे लहान मूल भोकाड पसरून रडत होतं. शेजारचं असेल असं वाटलं.

तिने शांतपणे सांगितलं की ती आचोळ्याला राहते, लग्नाला तीन वर्षं झाली आणि रडतोय तो तिचाच आहे. मग म्हणाली, "काका, तुम्ही माझ्या लग्नाला आला होता ना. आशीर्वाद देऊन भाषणही केलं होतं."

स्वभाव खरंच शांत आहे.

घरी येऊन २१२ ची वही काढली. क्रमांक १६३, रिद्धी, आचोळे. माझ्याच अक्षरात. ऑफिसला जी जी पत्रिका आली ती मी जुळवलेली, असा हिशेब मी कधीपासून धरायला लागलो, ते आठवत नाही. खरोखर मी मध्ये पडून जमवलेली किती, हे मोजायला बसलो. सातवर थांबलो. त्यात माझं स्वतःचं धरलं होतं.

चहात साखर घेतली नाही. लक्षातच आलं नाही.

२७ डिसेंबर, शनिवार.
सगळ्या आळ्यांचे आकडे आले. अजून लग्नाची इच्छा असलेले १७१. बाकीचे संसारात, परदेशात, एक जण पाद्री झाला (आई कॅथलिक होती, ते रकान्यात नव्हतं). म्हणजे आपण गमावलं ते ११४० नव्हतंच. हे सभेत मी ठासून मांडणार होतो, पण सत्यवतीताईंनी आधीच मांडलं, वेगळ्या आवाजात.

२९ डिसेंबर, सोमवार.
नवीन नियम, उमेदवाराचा फॉर्म पालकाने भरायचा. प्रीतमचा मी आठ मिनिटांत भरला. एवढी वर्षं फॉर्म तपासतोय, हात बसलाय. उंची ५ फूट ७. नोकरी: अंधेरी, कॉम्प्युटरमध्ये. आवड: क्रिकेट. वधूबद्दल अपेक्षा: शांत, शिकलेली, बागकामाची आवड. थेरेसाकडे देण्याआधी प्रीतमच्या टेबलावर ठेवला, सही करायला.

३० डिसेंबर, मंगळवार.
फॉर्म परत आला. लाल पेनाने.

उंची ५ फूट ४. (बाबा, ५-७ तुमची.)
नोकरी: दोन वर्षांपासून पवई. अंधेरीची कंपनी बंद पडली. (आईला माहीत आहे.)
आवड: क्रिकेट खोडलेलं. वर लिहिलंय: रविवारी अर्नाळ्याला होड्यांची चित्रं काढतो.

मी एवढी वर्षं बोंबील खातोय. विचारलं नाही की एका किलोला चार तास कसे लागतात. नर्मदेला विचारलं तर तिने कपाटाच्या वरून एक पेटी काढून दाखवली. सत्तरऐंशी चित्रं. एकात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एक माणूस पाठमोरा उभा, धोतर वाऱ्याने फुगलेलं. चेहरा दिसत नाही. नर्मदा म्हणाली, तुमचे बाबा आहेत, त्याच्या आठवणीतले. मला माझा बाप पाठीवरून ओळखता आला नाही, त्याला आला. तो गेला तेव्हा प्रीतम सात वर्षांचा होता.

शेवटचा रकाना, वधूबद्दल अपेक्षा. माझं सगळं खोडून एकच ओळ:

"बाबांनी निवडलेली नसावी."

३१ डिसेंबर, बुधवार.
फॉर्म खिशात घेऊन दिवसभर हिंडलो. आधी राग आला. मग वाटलं गंमत केली असेल. मग अक्षर नीट बघितलं. सुबक होतं. सावकाश, विचार करून लिहिलेलं.

संध्याकाळी थेरेसाला दिला. ती शेवटच्या ओळीला थांबली, म्हणाली, काका, हेपण टाइप करू? मी म्हटलं, उमेदवाराचा फॉर्म आहे, जसाच्या तसा कर. तिने एस दाबला की कुरकुर ऐकू येत होती.

१ जानेवारी, गुरुवार.
निश्चय: काही नाही.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सात.
मेळावा झाला. १७१ पैकी १५८ आले. दरवर्षी नावं ११०० आणि खुर्च्यांवर साठ माणसं, असं असायचं. सूत्रसंचालन सत्यवतीताईंनी केलं. मला पार्किंग दिलं होतं. शिट्टी आणि पट्टा दोन्ही दिलं. गाड्या नीट लावल्या. एकालाही बाहेर निघताना दुसऱ्याला हलवावं लागलं नाही.

यादी भिंतीवर लावली होती. प्रीतमच्या ओळीपाशी पोरी थांबून वाचत होत्या आणि हसत होत्या, असं थेरेसा पाणी द्यायला आली तेव्हा तिने सांगितलं. दुपारपर्यंत तिघींनी त्याची चौकशी केली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, तिघी कोण? ती म्हणाली, सांगू का? मी म्हटलं, नको, मागे ती पांढरी गाडी येतेय.

चार वाजता हॉलच्या मागच्या खिडकीखाली स्कूटर ओळीत लावत होतो. आत प्रीतम एका मुलीशी बोलत होता. तिच्या हातात त्याची चित्रांची वही. त्याने काहीतरी सांगितलं, ती हसली, मग तो हसला. दात दिसेपर्यंत. असा हसताना त्याला मी शेवटचं कधी बघितलं, आठवलं नाही.

मी शिट्टी तोंडातून काढून उभा राहिलो. कोण, कुठली, शिक्षण काय, घरात माणसं किती, एवढं विचारायला दहा पावलं होती.

गेलो नाही.